पुढच्या खुर्चीचा वायदा

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर सोमवारी सकाळी गेटवरच्या पडद्याकडे पाहिले, तर उड्डाणाच्या वेळेखाली एक यादी दिसते. पुढच्या वर्गात किती जागा उरल्या, किती जण त्या मागताहेत आणि मागणाऱ्यांच्या आडनावांची पहिली काही अक्षरे, अशी ती यादी असते. जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि नावे मात्र पडद्यावर मावत नाहीत इतकी. यादीतली बहुतेक माणसे कामासाठी आठवड्याला उडणारी असतात. विमान कंपनीने त्यांना सोने, प्लॅटिनम, हिरे यांच्या नावाची कार्डे दिलेली असतात आणि जागा असेल तर विनामूल्य पुढच्या वर्गात बसवू, असे सांगितलेले असते. दार बंद होते, यादी तशीच राहते आणि प्लॅटिनमवाला मागच्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत जाऊन बसतो. या तक्रारीची थट्टा करणे सोपे आहे, कारण पोटभर जेवलेल्याने मिष्टान्न मिळाले नाही म्हणून रुसावे, तसे ते वाटते. पण तिच्या मुळाशी गेले, तर गेल्या चार दशकांत विमान कंपन्यांचा धंदा कसा पालटला हे उलगडत जाते. विमान कंपनीला पुढची खुर्ची विकता येत नव्हती, तोवरच ती फुकट मिळत होती. आता ती विकता येते, म्हणून ती मिळेनाशी झाली. एवढ्यावर थांबले असते तर भांडण नव्हते. खुर्ची गेली तरी तिचा वायदा मात्र कंपन्यांनी दुकानात मांडून ठेवला आहे, आणि खरी तक्रार त्या वायद्याबद्दल असायला हवी.

अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानाची भाडी आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवत असे. त्या वर्षी नियंत्रण उठवणारा कायदा झाला आणि कंपन्यांना भाड्यावर लढावे लागू लागले. अशा लढाईत सर्वांत मोलाचे गिऱ्हाईक म्हणजे धंद्यासाठी फिरणारा माणूस. तो आयत्या वेळी तिकीट काढतो, पुनःपुन्हा काढतो आणि पैसे त्याच्या खिशातून जात नसल्यामुळे भाड्याची फार घासाघीस करत नाही. त्याला बांधून ठेवण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘ॲडव्हांटेज’ ही योजना आणली आणि काही दिवसांतच युनायटेडने ‘मायलेज प्लस’ काढली. उडालेल्या मैलांची नोंद ठेवायची, त्यावर बक्षीस द्यायचे आणि पुढे वर्षभराच्या मैलांवरून प्रवाशांच्या श्रेणी पाडायच्या, ही पद्धत बघता बघता जगभर पसरली. बक्षीस म्हणून कंपन्यांनी हाताशी पडून असलेली वस्तूच पुढे केली. अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानांत पुढे वीसेक रुंद खुर्च्यांचा फर्स्ट क्लास असे. त्याचे भाडे मागच्या वर्गाच्या कितीतरी पट असल्यामुळे त्या खुर्च्या घेणारे थोडे. दार बंद झाले की रिकामी खुर्ची शून्य किमतीची होते. तिथे नेहमीच्या प्रवाशाला बसवायला एका जेवणाचा आणि दोन पेयांचा खर्च, आणि बदल्यात तो वर्षभर दुसऱ्या कंपनीचे नाव काढत नाही. आवळा देऊन कोहळा काढण्याचा याहून चोख व्यवहार सापडणे कठीण.

वाटप कसे होते ते पाहिले, की निम्म्या तक्रारींचे कारण कळते. विमानात वर्ग दोन-तीनच असले, तरी विक्रीच्या संगणकात तेच वर्ग डझनभर कप्प्यांत विभागलेले असतात. तिकिटावर वर्गाच्या नावाशेजारी जे एक इंग्रजी अक्षर छापलेले असते, ते त्या कप्प्याचे नाव. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटांवर वेगवेगळी अक्षरे असतात आणि त्यांनी मोजलेले पैसेही वेगळे असतात. वरच्या वर्गात जसे पूर्ण भाड्याचे आणि सवलतीचे कप्पे, तसाच अपग्रेडसाठी राखलेला एक वेगळा कप्पा असतो. त्यात खुर्ची टाकायची की नाही, हे कंपनीचा महसूल विभाग ठरवतो. म्हणून आसनांच्या नकाशावर सहा खुर्च्या मोकळ्या दिसत असताना अपग्रेड मात्र होत नाही. त्या खुर्च्या अजून विक्रीच्या कप्प्यात असतात. कप्पा उघडला की श्रेणीप्रमाणे पाळी येते. अमेरिकन एअरलाइन्सच्या योजनेत सर्वांत वरच्या नेहमीच्या श्रेणीला उड्डाणाआधी १०० तासांपासून, त्याखालच्यांना ७२, ४८ आणि २४ तासांपासून संधी मिळू लागते. एकाच श्रेणीत अनेक जण असले, तर गेल्या बारा महिन्यांत कोणी किती पॉइंट जमवले यावरून क्रम लागतो. तळच्या श्रेणीची पाळी येईपर्यंत ताट बहुधा रिकामे झालेले असते.

आपल्याकडे रेल्वेने २००६ च्या सुमारास अशीच एक सोय सुरू केली. तिकीट काढताना अपग्रेडसाठी विचार व्हावा का, असे विचारले जाते. चार्ट बनताना वरच्या वर्गात जागा रिकाम्या राहत असतील, तर खालच्या वर्गातल्या पूर्ण भाडे भरलेल्या काहींना संगणक जादा पैसे न घेता वर हलवतो आणि त्यांच्या सुटलेल्या जागा वेटिंग लिस्टवरच्यांना देतो. यात रेल्वेचे औदार्य नाही. रिकामी धावणारी बर्थ वाचते आणि वेटिंगचे तिकीट पक्के होऊन त्याचे पैसे हातचे जात नाहीत. विमान कंपन्याही हेच करतात. मागच्या वर्गाची तिकिटे जागांपेक्षा जास्त विकली गेली, की काहींना पुढे ढकलतात. फरक एवढाच की रेल्वे कोणाला आधी वचन देत नाही, त्या वचनाच्या मोबदल्यात काही मागत नाही आणि म्हणून साइड लोअरवर झोपणारा माणूस एसी मिळाला नाही म्हणून चिडत नाही. अपेक्षाच विकली गेली नसेल, तर अपेक्षाभंगही होत नाही. अपग्रेडच्या साऱ्या वादाची किल्ली इथे आहे.

विमान कंपन्यांचा पुढचा वर्ग रिकामा राहण्याचे मुख्य कारण त्याची किंमत ताठर होती, हे होते. भाडे एक तर चौपट, नाही तर शून्य. मधली किंमत लावायला साधन नव्हते. मागच्या वर्गाच्या भाड्याच्या बाबतीत ते साधन आधीच आले होते. १९८५ च्या सुमारास, रॉबर्ट क्रँडल प्रमुख असताना, अमेरिकन एअरलाइन्सने कोणती खुर्ची कधी, कोणाला, किती भाड्याने विकायची याचे संगणकी गणित पक्के केले आणि पीपल एक्सप्रेससारखी स्वस्त कंपनी त्या माऱ्यापुढे टिकली नाही. पुढे हेच गणित वरच्या वर्गाला लागू झाले. २००९ मध्ये माँट्रियलला स्थापन झालेल्या प्लसग्रेड या कंपनीने विमान कंपन्यांना अपग्रेडची बोली लावण्याची यंत्रणा पुरवली. तिकीट काढलेल्या प्रवाशाला ईमेल येतो, बिझनेस क्लाससाठी जादा किती द्याल ते सांगा. पडद्यावर एक काटा सरकवायचा आणि वाट पाहायची. त्याच्या जोडीला मोबाइल ॲप आले. चेक-इन करताना थोड्या पैशांत पुढे या, असे ते सांगू लागले. ज्याने वर्षातून एकदाच विमान पाहिले, त्यालाही ही खुर्ची आता परवडू शकते आणि ती त्याला मिळते. वर्षभर इमानेइतबारे उडणारा यादीतच राहतो. डेल्टाच्या अधिकाऱ्यांनी गुंतवणूकदारांपुढे हा बदल अभिमानाने मांडला आहे: एके काळी देशांतर्गत फर्स्ट क्लासच्या फारच थोड्या खुर्च्या पैसे देऊन घेतल्या जात, उरलेल्या वाटल्या जात, आज बहुतेक विकल्या जातात.

एका बाजूला वाटायच्या खुर्च्या आटत असताना दुसऱ्या बाजूला मागणाऱ्यांची गर्दी कंपन्यांनीच वाढवली. आधी मैलांऐवजी पैसा मोजायला सुरुवात झाली. डेल्टाने २०१४ पासून श्रेणीसाठी मैलांबरोबर खर्चाचीही अट घातली. पुढे तिकिटाच्या किमतीवर पॉइंट देण्याची पद्धत डेल्टा आणि युनायटेडने २०१५ मध्ये आणि अमेरिकनने २०१६ मध्ये स्वीकारली. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून श्रेणी खर्चावर बांधली. तिथे गोल्डसाठी आता २०,००० पॉइंट लागतात. याहून मोठा बदल क्रेडिट कार्डाने केला. बँका विमान कंपन्यांकडून पॉइंट घाऊक विकत घेतात आणि कार्डधारकांना वाटतात. २०२३ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसकडून डेल्टाला सुमारे ६.८ अब्ज डॉलर मिळाले. त्या वर्षी डेल्टाला विमाने चालवून झालेला नफाही याहून कमी होता. अमेरिकन एअरलाइन्सने २०२२ पासून कार्डावरचा खर्च थेट श्रेणीसाठी धरायला सुरुवात केली. म्हणजे किराणा आणि घरदुरुस्तीची बिले कार्डावर भरून, विमानात पाऊल न ठेवताही माणूस अपग्रेडच्या यादीत येऊ शकतो.

या योजना किती मोठा धंदा झाल्या आहेत, हे कोविडच्या काळात उघड झाले. विमाने जमिनीवर उभी होती, तेव्हा युनायटेडने २०२० मध्ये मायलेज प्लस तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले आणि डेल्टाने आपल्या ‘स्कायमाइल्स’ योजनेवर ९ अब्ज. २०२१ मध्ये अमेरिकनने ॲडव्हांटेजवर १० अब्ज मिळवले. युनायटेडच्या योजनेचे त्या वेळी जे मूल्यांकन झाले, ते अख्ख्या कंपनीच्या शेअर बाजारातल्या मूल्यापेक्षा जास्त होते. ज्या कंपनीचे पॉइंटांचे दुकान विमानांपेक्षा महाग ठरते, तिला श्रेणीची कार्डे कमी वाटून कसे चालेल? त्यामुळे गर्दी वाढली आणि मग ती आवरायची वेळ आली. सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टाने सर्वोच्च डायमंड श्रेणीसाठी वर्षाला ३५,००० डॉलर खर्चाची अट जाहीर केली. प्रवाशांनी इतका गदारोळ केला, की कंपनीचे प्रमुख एड बॅस्टियन यांना आम्ही जरा फारच पुढे गेलो, असे म्हणावे लागले आणि महिन्याभरात अट २८,००० वर आली. हा प्रवाशांचा विजय मानला गेला. पण आकडा कितीही असो, डायमंडचे कार्ड हाती आल्यावर अमुक मार्गावर पुढची खुर्ची मिळण्याची शक्यता किती, हे ना ३५,००० च्या घोषणेत होते, ना २८,००० च्या.

भारतात या कहाणीने वेगळे वळण घेतले. इथे दीर्घ काळ पुढची खुर्चीच दुर्मीळ होती. इंडिगोने २००६ पासून अठरा वर्षे वरचा वर्ग ठेवला नाही आणि प्रवाशांच्या श्रेणी पाडल्या नाहीत. सगळे एकाच पंक्तीला. मुंबईच्या जेट एअरवेजची ‘जेटप्रिव्हिलेज’ योजना नावाजलेली होती, पण १७ एप्रिल २०१९ ला विमाने थांबली आणि त्या श्रेणींना अर्थ उरला नाही. विस्ताराने क्लब विस्ताराच्या सदस्यांना अपग्रेडची व्हाउचर दिली आणि पुणे-मुंबईच्या नोकरदार वर्गात त्यांची चटक लागली. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. एअर इंडियाने त्याच वर्षी आपल्या ‘फ्लाइंग रिटर्न्स’चे पॉइंट तिकिटाच्या खर्चाशी जोडले होते आणि २०२५ मध्ये योजनेचे नाव ‘महाराजा क्लब’ झाले. इंडिगोनेही २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ ही योजना आणि दिल्ली-मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ हा वरचा वर्ग आणला. आता हिशेब पाहा. विस्ताराकडून आलेल्या ए-३२० निओ विमानात १६४ खुर्च्यांपैकी बिझनेस क्लासच्या फक्त ८ असतात. इंडिगोच्या स्ट्रेचमध्ये १२. मुंबई-दिल्ली हा जगातल्या सर्वांत गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी एक. सकाळी सातच्या विमानात कंपन्यांचे अधिकारी, वकील, सनदी अधिकारी आणि सल्लागार भरलेले असतात आणि त्यांतल्या अनेकांकडे वरच्या श्रेणीचे कार्ड असते. आठ खुर्च्यांपैकी पाच-सहा विकल्या गेल्या की उरल्या दोन-तीन, आणि त्यांवर बोलीवाले, व्हाउचरवाले आणि पॉइंटवाले असे तिघेही टपलेले. अशा उड्डाणासाठी व्हाउचर देणे म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. तेच व्हाउचर बुधवारी दुपारच्या विमानात चालेलही, पण कामासाठी जाणाऱ्याला दुपारचे विमान उपयोगाचे नसते. या प्रवाशाला जेव्हा उडावे लागते, नेमकी तेव्हाच खुर्ची विकली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. हा विरोधाभास योजनेच्या रचनेतच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. धर्माची गाय आणि दात का नाय? तिकीट मागच्या वर्गाचे काढले, मागच्या वर्गात बसवले, मग तक्रार कसली? मिळाले तर वर, नाही तर मूळ सौदा पुरा झालाच. हा आक्षेप खरा ठरला असता, जर ही भेट खरोखरच भेट असती. पण श्रेणी टिकवण्यासाठी प्रवासी काय काय करतो ते पाहा: थेट विमान सोडून आपल्या कंपनीचे एक थांबा घेणारे विमान पकडतो, हजार-दोन हजार रुपये जास्त असले तरी तेच तिकीट काढतो, वार्षिक शुल्क भरून तिचे क्रेडिट कार्ड बाळगतो आणि वर्षअखेरीस काही पॉइंट कमी पडले तर एखादी फेरी उगाच मारतो. जाहिरातीतही अपग्रेड हा श्रेणीचा लाभ म्हणूनच ठळक छापलेला असतो. ज्यासाठी माणूस पैसा, वेळ आणि निष्ठा मोजतो, तो मोबदल्याचा भाग असतो, त्याला भेट म्हणता येत नाही. ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द खाली बारीक अक्षरांत असतो हे खरे. पण उपलब्धता किती ठेवायची हे तोच पक्ष ठरवतो, ज्याला ती न ठेवण्यात फायदा आहे.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. या प्रवाशाचे तिकीट मालकाच्या पैशाने निघते. मग त्यावर मिळणारी चैन ही एक प्रकारची दलाली झाली. ती आटली तर हळहळायचे कशाला? या मुद्द्यात तथ्य आहे आणि अनेक सरकारांनी ते ओळखले आहे. नॉर्वेने २००२ मध्ये देशांतर्गत उड्डाणांवर पॉइंट देण्यास बंदी घातली आणि ती २०१३ पर्यंत चालली. या पॉइंटांमुळे नव्या कंपनीला बाजारात शिरणेच कठीण होते, असे तिथल्या स्पर्धा आयोगाचे मत होते. जर्मनीत २००२ च्या उन्हाळ्यात सरकारी प्रवासाचे माइल्स खासगी कामासाठी वापरल्याचे प्रकरण गाजले आणि त्यात ग्रेगोर गीझी यांनी बर्लिनमधले मंत्रिपद सोडले. भारत सरकारच्या जुलै २०१७ च्या प्रवासभत्त्याच्या आदेशातही सरकारी तिकिटावरचे पॉइंट सरकारी प्रवासासाठीच वापरावेत, खासगी वापर केल्यास कारवाई होईल, असे स्पष्ट म्हटले आहे. हे सगळे मान्य केले, तर वायद्याचा प्रश्न सौम्य न होता अधिक गंभीर होतो. कारण मग अपग्रेडच्या आशेने जे महागडे तिकीट निघते, त्याचा भुर्दंड कंपनीच्या भागधारकांवर किंवा करदात्यांवर पडतो. कर्मचाऱ्याला गाजर दाखवून मालकाची थैली सैल करायची आणि शेवटी गाजरही द्यायचे नाही, या सौद्यात विमान कंपनी सोडली तर कोणाचेच भले नाही. ज्याच्या पैशाने तिकीट निघते, त्यालाही गाजराची खरी किंमत कळलीच पाहिजे.

तिसरे उत्तर बाजाराच्या बाजूने येते: पसंत नसेल तर दुसऱ्या कंपनीकडे जा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये जवळपास हाच सूर लावला. बिन्यामिन गिन्सबर्ग हे रब्बी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे प्लॅटिनम सदस्य होते. फार वेळा तक्रारी करतात, या कारणाने कंपनीने २००८ मध्ये त्यांना योजनेतून काढून टाकले. योजनेच्या अटींप्रमाणे गैरवापर झाला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार एकट्या कंपनीकडेच होता. सचोटीने वागण्याच्या तत्त्वाचा भंग झाला, असा त्यांचा दावा होता. १९७८ च्या कायद्यामुळे असा दावा चालू शकत नाही, असा निकाल न्यायालयाने एकमताने दिला आणि प्रवासी वाईट नावाची कंपनी टाळू शकतात, असेही सुचवले. त्याआधी १९९५ च्या वोलेन्स खटल्यात याच न्यायालयाने जमवलेल्या पॉइंटांवर मागाहून बंधने घातल्याबद्दल करारभंगाचा दावा लावू दिला होता, पण ग्राहक फसवणुकीच्या राज्य कायद्याचा आधार नाकारला होता. थोडक्यात, लेखी करारातले शब्द तेवढे मोजायचे. आणि ते शब्द लिहिते कंपनी. ज्याच्या हाती ससा तो पारधी. दुसरीकडे जा, हा सल्लाही दिसतो तितका मोकळा नाही. अटलांटात राहणाऱ्याला डेल्टावाचून सोय नाही, कारण ते तिचे मुख्य ठाणे. भारतात देशांतर्गत वाहतुकीचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या इंडिगोकडे आहे. शिवाय श्रेणी दुसऱ्या कंपनीत सहसा नेता येत नाही. जायचे म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीपासून. योजना मुळात माणसाने जाऊ नये म्हणूनच बांधलेली असते.

एक गोष्ट विमान कंपन्यांच्या बाजूनेही मान्य करायला हवी. खुर्ची वाटण्यापेक्षा विकणे यात अनैतिक काही नाही. पूर्वी अवाच्या सवा असलेले वरच्या वर्गाचे भाडे अनेक मार्गांवर आवाक्यात आले, ज्येष्ठांना किंवा पाठदुखीच्या रुग्णाला थोडे जास्त देऊन पाय पसरता येऊ लागले. मूठभर नेहमीच्यांना फुकट देण्यापेक्षा हे अधिक न्याय्य आहे, असेही म्हणता येईल. तेव्हा जुन्या दिवसांची मागणी करण्यात हशील नाही. ते दिवस कोणाच्या सद्भावनेने आले नव्हते, त्यामुळे कोणाच्या सद्भावनेने परतणारही नाहीत. मागायची ती माहिती. कायद्याने विमानप्रवासात इतरत्र ती वाट घालून दिली आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार प्रवाशाला खालच्या वर्गात बसवले तर भाड्याच्या ३० ते ७५ टक्के रक्कम परत करावी लागते, आणि कंपनीने आपणहून वर बसवले तर जादा पैसे मागता येत नाहीत. भारतातही डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये असाच नियम केला. देशांतर्गत प्रवासात खाली ढकलल्यास करांसह तिकिटाचे ७५ टक्के परत द्यावे लागतात. घेतलेली खुर्ची काढून घेतली तर भरपाई आहे. दाखवलेल्या खुर्चीबद्दल मात्र कायदा गप्प आहे.

हे मौन तोडायला नवा मोठा कायदा लागत नाही. कोणत्या कंपनीची विमाने किती टक्के वेळेवर सुटली, किती उड्डाणे रद्द झाली, किती तक्रारी आल्या, हे डीजीसीए दर महिन्याला प्रसिद्ध करते. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना हवा: कोणत्या श्रेणीच्या किती सदस्यांनी अपग्रेड मागितले आणि किती जणांना मिळाले. हा आकडा धंद्याचे गुपित आहे, ही सबब टिकत नाही. वरच्या वर्गाच्या किती खुर्च्या विकल्या जातात, हे गुंतवणूकदारांना छाती फुगवून सांगता येत असेल, तर ग्राहकांनाही सांगता येईल. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड या चार कंपन्यांच्या लॉयल्टी योजनांची माहिती मागवली, तेव्हा पॉइंटांचे घटते मोल आणि लपलेले शुल्क हेच प्रश्न पुढे होते. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ एकतर्फी, अन्याय्य करारांना आव्हान देऊ देतो, आणि नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वांत एकाचे आमिष दाखवून दुसरेच पदरात टाकणे हा प्रकार नावानिशी नोंदवला आहे. अपग्रेडचे व्हाउचर या चौकटीत बसते का, हे ग्राहक आयोगापुढे एकदा तपासून घ्यायला हरकत नाही.

तो दिवस येईपर्यंत नेहमीच्या प्रवाशाने एकच हिशेब पक्का ठेवावा. तिकीट काढताना ज्या वर्गाचे नाव त्यावर छापले आहे, तेवढ्याचेच आपण पैसे देत आहोत असे समजावे. अपग्रेडच्या आशेपोटी एक रुपयाही जास्त देऊ नये, मग तो स्वतःचा असो की मालकाचा. लांबच्या रात्रीच्या प्रवासानंतर सकाळी बैठक असेल, तर वरचा वर्ग ही कामाची गरज आहे, आणि ती कंपनीच्या प्रवासधोरणात लिहून घ्यावी. विमान कंपनीच्या मर्जीवर सोडू नये. लाउंज, जादा सामान, लवकर चढण्याची मुभा हे श्रेणीचे लाभ दर वेळी मिळतात, म्हणून श्रेणीची किंमत त्यांवरूनच ठरवावी. आणि इतके करून कार्ड परवडत नसेल, तर ते सोडून द्यावे, ज्या दिवशी ज्या कंपनीचे विमान सोयीचे आणि स्वस्त असेल ते घ्यावे. पॉइंटांच्या मोहातून सुटलेल्या प्रवाशाशी विमान कंपनीला पुन्हा भाड्यावर आणि सेवेवरच लढावे लागते.